धुण्याकडचं अंजीर

“थुंक! आधी थुंक ते!”

इंदूमामी ओट्यावरून इतक्या जोरात ओरडली, की गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. मी थुंकले नाही. अर्धं अंजीर गिळून झालं होतं आणि उरलेलं अर्धं मी जिभेवर घोळवत होते.

“पावसातलं अंजीर कुणी खातं का गं? आन् ते बी देठासकट! ओठ बघ, चीक लागलाय. सुजंल आता टरारून.”

“मामी, पण हे गोड आहे.”

“श्रावणात? गोड?” मामीनं पदराला हात पुसले. “मासळी खाऊन खाऊन तुझी जीभ गेली बघ कामातनं.”

ओठ खरंच चुरचुरायला लागला होता. पण अंजीर गोड होतं. जिलबीसारखं नव्हे, गुळाचा खडा चहात बुडवून चोखल्यासारखं. आणि मुख्य म्हणजे ते न फुटलेलं होतं! सकाळपासून भुरभुर चालली होती. मामाच्या सगळ्या बागेत फुटकी, मुंग्या लागलेली अंजिरं पडून आंबट वास सुटला होता. आणि धुण्याच्या दगडाशेजारच्या या बुटक्या झाडावर मात्र लिंबाएवढी फळं मजेत बसली होती, जणू पाऊस दुसऱ्या कुणाच्या घरी पडतोय.

मी तेव्हा आठवीत होते. आता बारावीत आहे आणि ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली आहे, की बाबा म्हणतात, हिला एक भोंगा आणून द्या. आणा म्हणावं. मी तेव्हा कुणापुढे तोंड उघडत नव्हते, त्याची भरपाई आता चालू आहे.

आमचं घर गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून चालत पंधरा मिनिटं. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, दोघं मिळून नर्सरी चालवतात. आंब्याची कलमं, काजू, कोकम, सुपारी. काकांच्या हातचं कलम मरत नाही, असं पार चिपळूणपर्यंत म्हणतात. आई मात्र घाटावरची, पुरंदरची. बाबा तरुणपणी तिकडच्या एका नर्सरीत कामाला होते, तेव्हा लग्न जमलं. त्यामुळे आमच्या नर्सरीत सगळं काका-बाबांच्या हातचं होतं, आणि आईचं म्हणून एकच होतं: गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेची अंजिराची ओळ.

ती ओळ दोनदा लावून झाली होती. दोन्ही वेळा माहेरच्या ‘राजा’च्या काड्या. राजा म्हणजे मामाच्या बागेतलं सगळ्यात जुनं झाड, आईच्या वडिलांनी, आबांनी लावलेलं. मार्चमध्ये त्याची फळं मुठीएवढी आणि जांभळी होतात, हातात घेतली तर सोडवत नाहीत. आमच्याकडे त्या काड्या जगल्या, वाढल्या, पानं सुपाएवढी झाली. मग जून आला. फळं फुगली आणि आठवड्यात एकेक करून फुटली. मुंग्या, चिलटं आणि पडवीपर्यंत येणारा आंबूस वास. जुलैत झाडंही मुळाशी कुजून गेली. एक गिऱ्हाईक जाता जाता म्हणालं, “वहिनी, लोणचं घाला की ह्याचं!” आई हसली. मग आत जाऊन बराच वेळ तांदूळ निवडत बसली.

आणि आता टपालाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात मी टपाल होते. थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत, ही रीत. भांडण वगैरे काही नाही, नुसती रीत. काका पडवीच्या या टोकाला बसून म्हणायचे, “हर्षाले, सांग तुझ्या आयशीला, चहात साखर कमी आहे.” तीन हातांवर उभी असलेली आई म्हणायची, “काकांना सांग, साखर तळाशी आहे, ढवळा.” आणि मी खरंच दोन्ही निरोप इकडून तिकडे पोहोचवायची! बोलायला लागल्यापासून माझं हेच काम. स्वतःचं असं मी फारसं बोलतच नसे, वेळच मिळायचा नाही.

राखीसाठी आम्ही पुरंदरला निघालो, त्याच्या आदल्या दिवशी टपाल आलं. “हर्षाले, सांग तुझ्या आयशीला. मातीनं बारा पिशव्या भरून देतो. यंदाचं शेवटचं. हीसुद्धा फुटली-कुजली, तर गडग्याकडची जागा जायफळाच्या रोपांना. मग ह्या घरात अंजिराचं नाव नको.”

मी जसंच्या तसं सांगितलं. आईनं उलट निरोप दिला नाही. असं पहिल्यांदाच झालं. मी टपाल घेऊन नुसती उभी राहिले.

आता परत धुण्याच्या दगडापाशी.

तात्यामामा बागेतून आला. काखेत ओल्या गोणपाटात बांधलेल्या काड्या. “वैजू, बघ गं! राजाच्या बारा काड्या. चार-चार पेरांच्या, बोटासारख्या जाड. आता नाही जगल्या, तर कोकणच खोटं.”

आईनं जुडी छातीशी धरली, बाळ धरावं तशी.

“मामा,” मी म्हणाले, “हे झाड कुठलं?”

“हे? हे धुण्याकडचं. कुणी लावलं देव जाणे. बोरायेवढं फळ, रंग ना रूप. व्यापारी हात लावत न्हाय. तुझ्या मामीला धुणं वाळत टाकायला बरं पडतं म्हणून ठेवलंय.”

“पण त्याची फळं फुटली नाहीत.”

“अगं भाचीबाई, अंजिराला वर्षातनं दोन बहार. उन्हाळ्यातला मीठा, त्यो आपला. पावसातला खट्टा, त्यो पाखरांचा. खट्ट्यात कोण बघतंय काय फुटलं आन् काय न्हाय?”

मामा हसत हात धुवायला गेला. मी मात्र तिथेच खिळले. डोक्यात काहीतरी खटकन बसलं होतं आणि माझ्या ओठात गांधीलमाशी चावल्यासारखी आग होत होती. दोन्ही एकदमच.

खट्ट्यात कोण बघतंय! कुणीच बघत नव्हतं. आबांनी बघितलं नव्हतं, मामा बघत नव्हता, आई बघत नव्हती. सगळ्यांनी झाड निवडायचं ते मार्चमध्ये, कडक उन्हात, फळ तोडून, खाऊन, वा वा करून. पुरंदरला ते बरोबरच. पण आमच्याकडे पाऊस चार महिने सोडत नाही आणि उरलेले आठ महिने हवेला घाम असतो. आमच्याकडे कायमचा खट्टाच!

मी बागेत शिरले. मामाकडे पाच जातींची झाडं होती. प्रत्येकाची दहा-दहा पिकायला आलेली, न फुटलेली फळं तोडली. तोडताना पहिल्यांदाच अंजिराचा डोळा नीट पाहिला. फळाच्या तळाशी बारीक भोक असतं, तो डोळा. राजाचा डोळा चांगला ज्वारीचा दाणा जाईल एवढा उघडा. आत पाणी चमकत होतं आणि दोन मुंग्या आपलंच घर असल्यासारख्या ये-जा करत होत्या. धुण्याकडच्या फळाचा डोळा मिटलेला. आणि पिकलेल्या फळांच्या तर त्या मिटलेल्या डोळ्यावर मधासारखा एक थेंब सुकून बसला होता. बाटलीला बूच असतं ना, अगदी तसं!

मग मी मामीच्या स्वयंपाकघरातून पाच भांडी पळवली. परात, दोन पातेली, डबा आणि एक घमेलं. पाण्यानं भरली, एकेकात एकेका झाडाची दहा फळं टाकली, वर ताटल्यांचं वजन ठेवलं म्हणजे फळं बुडलेली राहतील, आणि सगळी ओळीनं ओट्याखाली मांडली.

“माझी परात!” मामी. “आता भाकऱ्या कशात मळू, तुझ्या डोक्यावर?”

“उद्या सकाळी देते मामी.”

“हे काय चाललंय काय?”

“कोकण आहे,” मी म्हणाले. “घमेल्यातलं.”

ओठ इतका सुजला होता, की ‘घमेल्यातलं’ हा शब्द कसाबसा बाहेर पडला. मामीला हसू आवरेना. मामाचंही तेच. आई हसली नाही. तिनं भांड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि राजाची जुडी उचलून आत उंबऱ्याजवळ ठेवली.

सकाळी मी उठून आले, तर आई आधीच ओट्याखाली उकिडवी बसली होती. ताटल्या बाजूला काढल्या होत्या. राजाच्या परातीत दहातली नऊ फुटलेली, लाल गर बाहेर लोंबतोय, पाण्याला फेस. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात सहा. चौथ्यात आठ. घमेल्यात धुण्याकडची.

“एक फुटलंय,” आई म्हणाली.

“दहातलं एक, आई.”

“हे लहान आहे. रंग बघ, शेवाळासारखा.” तिचा आवाज कोरडा होता. “हे घेऊन जाऊ? मोठ्या भावजींसमोर हे ठेवू? म्हणतील, माहेराहून बोरं आणली.”

“म्हणू देत.”

“तुला कळत नाही. राजा आबांनी लावलाय. मला ते झाड माझ्या दारात हवंय, हर्षा. दुसरं कुठलं तरी अंजीर नको. ते.”

निरोप असता तर पोहोचवला असता. हे माझं मलाच बोलायचं होतं, आणि ओठ अजून पुरीसारखा फुगलेला.

“आई,” मी म्हणाले, “आपण झाड निवडतो मार्चमध्ये आणि मारतो जुलैत. दोनदा मारलं. आबांचंच झाड मारलं ना?”

बोलून गेले आणि घाबरले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं की काय, मला दिसलं नाही, कारण ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात जुडी होती. सुतळी सोडली. राजाच्या काड्या एकेक करून तिनं मामाच्या कुंपणाच्या कडेला ओल्या मातीत खोचल्या. अकरा. बारावी हातातच ठेवली.

“ही मी नेणार,” ती म्हणाली. “फळं फुटली तर फुटली. तू वाद घालू नकोस.”

“नाही घालत.”

“मग बघत काय बसलीस? धुण्याकडच्या अकरा काड्या घे. आणि सुरी माझी घे, मामाची बोथट आहे.”

घरी आलो. काकांनी जुडी बघितली, काड्यांची जाडी बघितली. “हर्षाले, सांग तुझ्या आयशीला, काड्या ह्यावेळी किडकिडीत आहेत.” आईनं सांगितलं, “काकांना सांग, हो.” एवढंच.

काड्या जगल्या. पुढच्या जूनच्या आधी बाबांनी गडग्याच्या कडेनं मातीचे उंचवटे करून रोपं जमिनीत लावली, म्हणजे मुळाशी पाणी साचायला नको. पाऊस लागला. पानांवर तांबेरा आला. लगेच टपाल: “सांग तुझ्या आयशीला, अंजिराला गोवर आलाय. अंथरुणात कडुनिंब घाल म्हणावं.” आई रोज सकाळी डाग पडलेली पानं खुडायची आणि लांब खड्ड्यात पुरायची. मी शाळेत जाताना फळं मोजायची, येताना पुन्हा मोजायची. नववीतलं माझं गणित त्या वर्षी फार सुधारलं. एकतीस फळं होती.

श्रावणात सलग नऊ दिवस पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस, पुरंदरचा नव्हे. कपडे वाळेनात, काडेपेटी पेटेना, वहीची पानं पापडासारखी वाकडी झाली. तिसऱ्याच दिवशी बाराव्या झाडावरची, राजाची चारही फळं फुटली. पडवीत तोच जुना आंबूस वास आला. काका पायरीवर उभे राहून गडग्याकडे बघत होते. त्याचं मला टोमण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

दहाव्या दिवशी सकाळी मी गणवेशात, पाठीवर दप्तर, छत्री उघडतेय, तर काका डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन सरळ अंजिरांच्या ओळीत शिरले. आई पायरीवर उभी. बाबा पडवीत बसून कलमांना पट्टी बांधत होते.

काकांनी धुण्याकडच्या झाडाचं एक फळ तोडलं. लगेच खाल्लं नाही. उलटं केलं, डोळ्यापाशी नेलं. त्या थेंबाच्या बुचावर अंगठ्याचं नख फिरवलं. फळ दाबलं. मग दोन भाग केले आणि वास घेतला. आत पाणी नाही, मुंगी नाही, स्वच्छ गुलाबी गर. अर्धं तोंडात टाकलं. उरलेलं अर्धंही खाल्लं. दुसरं तोडलं. तेही अख्खं संपलं. तिसऱ्याला हात गेला, तेव्हा बाबांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

“हर्षाले,” काका म्हणाले. आवाज नेहमीचाच. “सांग तुझ्या आयशीला...”

माझं तोंड सवयीनं उघडलंच होतं. ‘आई, काका म्हणतायत’ एवढे शब्द जिभेवर तयारच असायचे. आणि मी ते गिळले.

“काका, आई इथेच उभी आहे.”

“हां. मग?”

“मग तुम्हीच सांगा ना. मला शाळेला उशीर होतोय.”

बाबांना खोकला आला. तो खोकला नव्हता, हे मला आजही पक्कं माहीत आहे. काकांच्या खोळीवरून पाण्याची धार लागली होती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. “हिला असं बोलायला कोणी शिकवलं?”

“मला काय विचारतोस, दादा? मी कलमं बांधतोय.”

पाऊस पत्र्यावर वाजत होता. आईचा हात आपोआप पदराकडे गेला. काका चिखलात उभे, हातात तिसरं अंजीर. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

“वैजयंता,” काका म्हणाले.

माझ्या जन्मापासून त्यांच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. त्यांना ते माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं! ते अडखळतच म्हणाले, नव्या जातीच्या झाडाचं नाव पहिल्यांदा उच्चारावं तसं.

“वैजयंता, ह्याच्या... काड्या कधी घ्यायच्या?”

चिपळूणपर्यंतचे लोक ज्यांना विचारायला येतात, ते माझ्या आईला विचारत होते.

आई पायरीकडे बघत म्हणाली, “आत्ताच. भर पावसात. ज्या झाडाची फळं आत्ता फुटत नाहीत, त्याच्याच.” मग थांबली. “निवड हिची आहे. घमेल्यात कोकण केलं होतं हिनं.”

“घमेल्यात?”

“घमेल्यात.” आईनं मान वर केली. “आणि भावजी, तुमची सुरी नको. बोथट आहे. माझी घ्या.”

“बोथट?” काका गरजले. “माझी सुरी बोथट? कोण म्हणतो?”

“मी म्हणते. आंब्याच्या सालीला चालते, अंजिराची काडी ठेचली जाते तिनं.”

“पंचवीस वर्षं मी...”

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण मी धूम ठोकली होती. शाळेत प्रार्थना संपली होती. उशिरा आलेल्यांच्या रांगेत भिंतीशी उभी राहिले, ओलीचिंब, आणि मला हसू आवरत नव्हतं. बाईंनी विचारलं, “काय झालं गं एवढं?” मी सगळं सांगितलं. सगळ्या रांगेनं ऐकलं. तो माझा पहिला भोंगा.

ते भांडण अजून संपलेलं नाही. सुरीवरून सुरू झालं, मग शेणखतावर आलं, मग जाळीच्या सावलीवर. दिवसभर दोघं नर्सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत असतात, समोरासमोर. मला मध्ये कुणी हाकसुद्धा मारत नाही. काकांनी पत्र्याच्या पाटीवर लाल रंगानं झाडाचं नाव लिहायला घेतलं, तेव्हा त्यांना काहीतरी भारदस्त हवं होतं. आई म्हणाली, जे आहे ते लिहा. म्हणून पाटीवर ‘धुण्याकडचं अंजीर’ आहे, आणि लोक गंभीर चेहऱ्यानं तेच मागतात. मार्चमध्ये कुणी चव बघायला आलं, की मी परत पाठवते. म्हणते, श्रावणात या, पाऊस लागल्यावर. कुणी वाद घातला, तर मागून काका ओरडतात, “ऐका तिचं!”

राजा अजून आहे, ओळीत बाराव्या जागी. पावसात त्याची फळं फुटतात ती फुटतातच. पण उपटा असं काकांनी एकदाही म्हटलेलं नाही. मार्चमध्ये त्याला पाच-सहा फळं धरतात, मुठीएवढी, जांभळी. आई पहिलं फळ तोडून ताटलीत ठेवते, चार फोडी करते आणि ताटली काकांपुढे सरकवते.

“कसं आहे आमच्या आबांचं अंजीर?” ती विचारते. त्यांनाच.